गावातील शुद्ध पाण्याचे यंत्र आणि आपली शाळा

(केंद्रातील शिक्षण परिषदेपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेसाठी मी निवडलेला विषय पाहून आपणांपैकी काहींस आश्चर्य वाटले असेल. वाचन, लेखन आणि अंकगणित हे आपले नित्याचे विषय. त्यांत पाणी शुद्ध करून देणाऱ्या यंत्राचे काय प्रयोजन, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतून एक नवे दृश्य सर्रास दिसू लागले आहे. ग्रामपंचायतीच्या कचेरीजवळ, बसथांब्यापाशी आणि कित्येक ठिकाणी शाळेच्या कुंपणाला लागूनच एक लहानशी खोली उभी राहते. तिच्या दर्शनी भागात तोटी असते. नाणे टाकले किंवा कार्ड दाखविले म्हणजे तोटीतून मोजून पाणी पडते. लोक त्यास ‘पाण्याचे एटीएम’ म्हणतात. ज्या वस्तूने गावाच्या पिण्याच्या पाण्याची रीतच पालटली, तिच्याविषयी गावातील शिक्षकाने अनभिज्ञ राहणे बरे नव्हे. ग्रामसभेत तिची चर्चा निघते तेव्हा लोक शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ह्या यंत्रामुळे आपल्या वर्गातील मुलांमध्ये एक नवा भेद उत्पन्न होऊ पाहत आहे. तो कोणता, हे मी यथाक्रम सांगणार आहे.

प्रथम गरजेचा विचार करू. आपण ज्या मुलखात काम करतो तो पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस, अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत, गाळाच्या मातीचे जाड थर पसरलेले आहेत. ह्या थरांतील भूजल अनेक ठिकाणी खारे आहे. दर्यापूर, तेल्हारा, अकोट, बाळापूर, संग्रामपूर, शेगाव ह्या तालुक्यांत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांस हे पाणी नव्याने सांगावयास नको. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि भांडे वाळले म्हणजे तळाशी पांढरा पापुद्रा धरतो. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि तरी गावाने तहानलेले राहावे, असा हा प्रकार आहे. मूत्रपिंडाच्या विकारांविषयीची तक्रार येथील लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तिची कारणमीमांसा वैद्यकशास्त्राने करावयाची आहे. तथापि पाणी पिण्यास योग्य नाही, एवढे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

काही गावांस वान धरणासारख्या दूरच्या साठ्यातून नळाने गोडे पाणी मिळते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरास नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. परंतु नळ पोहोचला तरी पाणी रोज येतेच असे नाही, आणि जेथे ते येत नाही तेथे पुन्हा बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे वळावे लागते. अशा ठिकाणी शुद्धीकरणाचे यंत्र हे चैनीचे साधन नसून निकडीचे साधन आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता ह्या यंत्रात घडते काय, ते पाहू. पाणी निर्मळ करण्याचे जे जुने उपाय आपणांस ठाऊक आहेत, त्यांपैकी प्रत्येकाचे काम निराळे आहे. फडक्याने गाळल्याने काडीकचरा जातो. तुरटी फिरविल्याने गढूळपणा खाली बसतो. उकळल्याने किंवा विरंजक चूर्ण टाकल्याने रोगजंतू मरतात. परंतु पाण्यात विरघळलेला क्षार ह्यांपैकी कोणत्याही उपायाने जात नाही. उलट पाणी उकळून आटविले तर क्षाराचे प्रमाण वाढते. ही एक गोष्ट जरी आपण मुलांच्या मनावर ठसविली, तरी अर्धे काम झाले.

विरघळलेला क्षार वेगळा करण्यासाठी यंत्रात एक अत्यंत सूक्ष्म पडदा वापरतात. मनुका पाण्यात भिजत घातली म्हणजे ती फुगते, हे घरोघरी दिसते. मनुकेच्या सालीतून बाहेरचे पातळ पाणी आतल्या दाट रसाकडे आपोआप शिरते, म्हणून ती फुगते. पातळाकडून दाटाकडे हा पाण्याचा स्वाभाविक ओघ होय. यंत्रात नेमके ह्याच्या उलट घडवून आणतात. खाऱ्या पाण्यावर पंपाने मोठा दाब देऊन ते पडद्यावर लोटतात. पाणी पडद्यातून पार होते आणि बहुतेक क्षार अलीकडेच अडून राहतो. ह्या क्रियेचे शास्त्रीय नाव ‘व्युत्क्रम परासरण’ असे आहे आणि गावात तिलाच ‘आरओ’ म्हणतात. नाव अवघड असले तरी मनुकेचे उदाहरण सांगितले असता पाचवीच्या मुलासही ती कळते, असा माझा अनुभव आहे.

पडदा नाजूक असतो, म्हणून पाणी त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याची पूर्वतयारी करावी लागते. प्रथम वाळूच्या गाळणीत गढूळपणा अडतो. नंतर कोळशाच्या गाळणीत वास आणि क्लोरीन शोषले जातात, कारण क्लोरीनमुळे पडदा खराब होतो. पुढे बारीक धाग्यांची गाळणी उरलेले कण धरते. क्षाराची पुटे पडद्यावर बसू नयेत म्हणून एक औषध थेंबाथेंबाने सोडतात. पडदा ओलांडून आलेले पाणी टाकीत साठते आणि तोटीकडे जाताना त्यावर अतिनील किरणांचा प्रकाश पाडतात, जेणेकरून चुकूनमाकून राहिलेले जंतू नष्ट व्हावेत. शेवटी नाणे किंवा कार्ड ओळखणारी पेटी असते. ती विजेवर चालणारी झडप उघडते आणि ठरलेले माप पुरे झाले की बंद करते. लोकांचे सारे लक्ष ह्या पेटीकडे असते. परंतु यंत्राचा खरा प्राण गाळण्यांत आणि पडद्यात आहे. त्या वेळच्या वेळी बदलल्या नाहीत तर पेटी नाणे घेत राहील, तोटीतून पाणीही पडत राहील, मात्र ते शुद्ध असेलच असे नाही.

ह्यावरून पाण्याच्या परीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी जे मानक ठरविले आहे, त्याचा क्रमांक १०५०० असून त्याची सुधारित आवृत्ती २०१२ सालची आहे. त्याप्रमाणे एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण घन पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतात. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि नाइलाज असेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. नायट्रेट मात्र ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कोणत्याही सबबीवर चालत नाही. आणि मैलामातीतून येणारे ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात मुळीच आढळता कामा नयेत. हे आकडे शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

यंत्राचे विक्रेते गावात येतात तेव्हा त्यांच्याजवळ पेनाएवढे एक उपकरण असते. ते पाण्यात बुडविले की आकडा दिसतो. हे उपकरण पाण्यातून वीज किती सुलभतेने वाहते, हे मोजून क्षाराचा अंदाज देते. त्याचा उपयोग जरूर आहे. परंतु त्यास जंतू दिसत नाहीत, आणि फ्लोराइड किती हेही त्यास वेगळे सांगता येत नाही. आकडा लहान आला म्हणजे पाणी निर्धोक झाले, हा समज चुकीचा आहे. दुसरा एक प्रकार ह्याहून फसवा आहे. विहिरीच्या पाण्यात दोन काड्या बुडवून वीज सोडतात. पाहता पाहता पाणी तांबूस-काळे होते आणि त्यावर गाळ तरंगू लागतो. यंत्राच्या पाण्यात तोच प्रयोग केला असता पाणी जसेच्या तसे राहते. लोक घाबरून म्हणतात, ‘एवढी घाण आम्ही पीत होतो!’ वस्तुतः तो गाळ पाण्यातील नसून लोखंडी काडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून काडीचे लोखंड झिजते आणि रंग उतरतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून काही घडत नाही. ज्या गावात शिक्षकाने हे दोन वाक्यांत समजावून सांगितले, त्या गावास भीतीपोटी निर्णय घ्यावा लागणार नाही.

खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीमार्फत नमुना तेथे पाठविता येतो. जंतूंची प्राथमिक चाचणी करण्यासाठी लहान कुपी मिळते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले असता पाणी काळे पडल्यास ते दूषित समजावे. जलजीवन मिशनखाली गावोगावच्या पाच महिलांस अशी तपासणी शिकविण्याची योजना झाली. आपल्या गावात ह्या भगिनी कोण आहेत, हे शोधून त्यांस एक दिवस शाळेत बोलवावे आणि मुलांसमोर चाचणी करावी. पुस्तकातील चार पानांपेक्षा त्या कुपीचा काळा रंग मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

आता ग्रामसभेत यंत्र बसविण्याचा प्रस्ताव आला असता विचारावयाचे प्रश्न सांगतो. शिक्षकाने पुढारीपण करावे, असे मी म्हणत नाही. टाकी धुणे, वीजबिल भरणे, नाण्यांचा हिशेब ठेवणे ही कामे शिक्षकाच्या गळ्यात पडू नयेत, असेच माझे मत आहे; आपल्यावरील इतर कामांचा भार मला ठाऊक आहे. परंतु योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे हे काम लोकशिक्षकाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, मूळ पाण्याची तपासणी झाली आहे काय? गावचे पाणी मुळात गोडे असून त्यात केवळ जंतूंचा दोष असेल, तर एवढ्या खर्चाच्या यंत्राची गरजच नाही. नियमित क्लोरीन दिल्याने काम भागते. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही, जेथे घन पदार्थांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे अशा यंत्रांचा वापर होऊ नये, अशी दिशा दाखविली आहे. रोग न पाहता औषध घेणे जसे, तसेच पाणी न तपासता यंत्र घेणे होय.

दुसरा प्रश्न पाण्याच्या मापाचा. हे यंत्र जेवढे पाणी घेते तेवढे देत नाही. साधारणतः दोन बादल्या पाणी घातले तर एक बादली शुद्ध पाणी मिळते आणि एक बादली टाकाऊ निघते, असे धरून चालावे. ज्या बोअरला उन्हाळ्यात जेमतेम पाणी असते, तिच्यावर हा दुप्पट उपसा झेपेल काय, हे आधी पाहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न ह्या टाकाऊ पाण्याचा. आणि ह्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. समजा, मूळ पाण्यात लिटरला १५०० मिलिग्रॅम क्षार आहे. निम्मे पाणी शुद्ध होऊन गेले, तर उरलेल्या निम्म्यात जवळजवळ सारा क्षार साचणार. म्हणजे लिटरला सुमारे ३००० मिलिग्रॅम. हे पाणी यंत्राशेजारी मोकळे सोडले तर जमीन पांढरी पडते. शोषखड्ड्यात सोडले तर ते पुन्हा भूजलात उतरते आणि जवळच्या विहिरीचे पाणी अधिक खारे करते. काही शाळांत सद्‌हेतूने हे पाणी परसबागेस दिले जाते. बंधुभगिनींनो, हे कृपा करून टाळा. आपली काळी चिकण माती क्षार धरून ठेवते; त्या पाण्याने वाफे दोन हंगामांत निकामी होण्याचा संभव आहे. शौचालयात टाकण्यास, फरशी पुसण्यास, चिखलाने भरलेले पाय धुण्यास मात्र ते चालते. यंत्र शाळेजवळ असेल, तर टाकाऊ पाण्याची नळी स्वच्छतागृहाच्या टाकीस जोडून घ्यावी.

चौथा प्रश्न देखभालीचा. यंत्र बसविण्यासाठी निधी मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या कालावधीसाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानात, पिण्याचे पाणी आणि स्वच्छता ह्यांसाठी ६० टक्के भाग राखून ठेवला होता. अशा निधीतून कामे उभी राहिली. परंतु उभे करणे निराळे आणि चालविणे निराळे. धाग्यांची गाळणी काही महिन्यांनी, पडदा साधारणतः दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. वीजबिल दरमहा येते. चालविणाऱ्या माणसास वेतन द्यावे लागते. ही तरतूद आधीच केलेली नसली तर काय होते, हे आपण पाहतोच: उद्घाटनाचा फलक झळकत असतो, तोटी गंजते आणि खोलीत गवताच्या पेंढ्या ठेवलेल्या आढळतात. म्हणून यंत्राच्या जमाखर्चाचे स्वतंत्र खाते असावे, आणि गाळणी बदलल्याची तारीख, पाणी तपासल्याची तारीख व निष्कर्ष हे खोलीच्या भिंतीवर सर्वांस दिसेल असे लिहिलेले असावेत. भारनियमनाच्या वेळी काय करावयाचे, हेही ठरलेले असावे.

आता मी त्या भेदाकडे वळतो, ज्याचा उल्लेख आरंभी केला.

विहिरीचे पाणी खारे होते, पण ते सर्वांस सारखेच खारे होते. यंत्राचे पाणी गोडे आहे, परंतु ते नाण्याने मिळते. ज्या घरी रोज जार येतो, त्या घरचे मूल प्लास्टिकच्या बाटलीत गोडे पाणी घेऊन शाळेत येते. ज्या घरी मजुरीचे दिवस भरले तरच चूल पेटते, त्या घरचे मूल शाळेच्या टाकीचे खारे पाणी पिते, किंवा शेजारच्या मुलाकडे घोटभर मागते. मागणारे मूल किती वेळा मागेल? काही दिवसांनी ते मागणे सोडून देते आणि दुपारपर्यंत तहानलेले बसते. असे मूल गणितात मागे पडते तेव्हा आपण त्याच्या बुद्धीस बोल लावतो. तहानेने डोके दुखते, लक्ष लागत नाही, हे आपण विसरतो. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते: स्वच्छतागृहाची सोय बरी नसली की त्या मुद्दामच पाणी कमी पितात. भगिनी शिक्षिकांस हे अधिक ठाऊक आहे.

महाराष्ट्रात पाण्याचा इतिहास हा समतेचा इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले. आपल्याच वऱ्हाडात शेंडगाव येथे जन्मलेले आणि पूर्णाकाठच्या दापुरे गावी वाढलेले संत गाडगेबाबा ह्यांनी तहानलेल्यास पाणी देणे हे देवपूजेहून श्रेष्ठ मानले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ज्याच्यापाशी थोडेफार असे, तो उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घाली. रांजणाजवळ बसलेला माणूस कोणास पैसे विचारीत नसे. जातीने अडविलेले पाणी मोकळे करण्यासाठी एवढे प्रयत्न झाल्यावर, आता आपल्या शाळेच्या आवारात ते पैशाने अडावे, हे आपणांस शोभण्यासारखे नाही.

यंत्राच्या पाण्यास मूल्य ठेवूच नये, असे माझे म्हणणे नाही. मूल्य ठेवल्यावाचून देखभाल होत नाही आणि फुकट मिळालेल्या पाण्याची नासाडी होते, हे खरे आहे. परंतु मुलांस शाळेत मिळणारे पाणी ह्या व्यवहारातून वगळले पाहिजे. तो उपकाराचा भाग नव्हे. कायद्याचा भाग आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ सालच्या अधिनियमास जोडलेल्या अनुसूचीत, प्रत्येक शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेशा पिण्याच्या पाण्याची सोय असावी, असे स्पष्ट सांगितले आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा आणि अंगणवाड्यांस नळाचे पाणी पुरविण्यासाठी १०० दिवसांची मोहीमही सुरू झाली होती. म्हणून यंत्राचा ठराव होतो त्याच वेळी, दर ठरविण्यापूर्वी, शाळेस व अंगणवाडीस ठराविक पाणी विनामूल्य मिळेल असे कलम त्यात घालून घ्यावे. नंतर मागणे कठीण जाते.

ह्याचा भार किती पडेल? हिशेब करून पाहू. शाळेत १०० मुले आहेत आणि शाळेच्या वेळात प्रत्येकास २ लिटर पाणी लागते असे धरू; म्हणजे दररोज २०० लिटर, अर्थात २० लिटरचे १० जार. जारास ५ रुपये दर असेल, तर दिवसाचे ५० रुपये होतात. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाचे ११,००० रुपये. गावात ३०० कुटुंबे रोज एक जार नेत असतील, तर यंत्राचे दिवसाचे उत्पन्न १,५०० रुपये होईल. त्यातील ५० रुपये म्हणजे तिसावा हिस्सा. एवढा भाग गाव आपल्या मुलांसाठी सोडू शकणार नाही, असे मला वाटत नाही. मात्र हा हिशेब कोणी तरी मांडून दाखविला पाहिजे. तो आपल्या सातवीच्या मुलांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे फळ्यावर मांडावा. त्याहून सार्थ असा गणिताचा पाठ दुसरा नाही.

पाणी शाळेत आले म्हणजे काम संपले, असे नव्हे. यंत्राच्या पाण्यातून क्लोरीन काढलेले असते, हे मी मघाशी सांगितले. नळाच्या पाण्यात उरलेले थोडे क्लोरीन वाटेत आणि भांड्यात त्याचे रक्षण करीत असते. यंत्राच्या पाण्यास असा रक्षक नसतो. अतिनील प्रकाशही तोटीपाशी असतो तेवढ्या क्षणापुरताच. म्हणून हे पाणी मळक्या जारात भरले किंवा त्यात कोणी हात बुडविला, तर ते विहिरीच्या पाण्यापेक्षाही लवकर बिघडू शकते. जार आतून घासून धुतलेला असावा. पाणी झाकणाच्या, तोटी बसविलेल्या भांड्यात ठेवावे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पाणी त्याच दिवशी संपवावे. उरलेले दुसऱ्या दिवशी हात धुण्यास घ्यावे. थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, आणि गोड लागणारे पाणी म्हणजेही शुद्ध पाणी नव्हे, हे मुलांस वारंवार सांगावे. आणि सर्वांसाठी भांडे एकच असावे. बाटली आणणाऱ्या मुलांनी आणि न आणणाऱ्या मुलांनी त्याच तोटीचे पाणी प्यावे. शिक्षकानेही तेच प्यावे. गुरुजींच्या मेजावर वेगळी बाटली असेल, तर समतेवरील पाठ मुलांस कसा पटावा?

अध्यापनाच्या दृष्टीने दोन-तीन प्रयोग सुचवितो. एक: दोन सारख्या बशांत एकात बोअरचे आणि दुसऱ्यात यंत्राचे पाणी मोजून घ्यावे व उन्हात सुकू द्यावे. पहिल्या बशीत उरलेला पांढरा थर मुलांस बोटाने पाहू द्यावा. लिटरला २००० मिलिग्रॅम क्षार म्हणजे २ ग्रॅम. तर २० लिटरच्या जारात ४० ग्रॅम, असा हिशेब तेथेच करून घ्यावा आणि तेवढे मीठ तराजूत तोलून दाखवावे. दोन: दोन्ही पाण्यांत साबणाचे सारखे थेंब टाकून बाटल्या हलवाव्या आणि फेसाची उंची मोजावी. तीन: मनुकेचा प्रयोग साध्या पाण्यात आणि साखरेच्या दाट पाकात करून फरक नोंदवावा. ह्यांस पैसा लागत नाही.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. यंत्र हा एक उपाय आहे. एकमेव उपाय नव्हे. आभाळातून पडणारे पाणी खारपाणपट्ट्यातही गोडेच असते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आहे आणि वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर ७०,००० लिटर पाणी छपरावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६,००० लिटर हाती लागते. एवढी मोठी टाकी बांधणे प्रत्येक शाळेस शक्य नाही. परंतु १०,००० लिटरची टाकी असली, तरी वरील हिशेबाने १०० मुलांस ५० दिवस पुरेल. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, छप्पर झाडून ठेवावे, तोंडाशी गाळणी बसवावी आणि पिण्यापूर्वी क्लोरीन द्यावे. ह्या पाण्यास पडदा नको, दाब नको आणि टाकाऊ पाण्याची चिंताही नको. यंत्र बंद पडलेल्या आठवड्यात हीच टाकी शाळेची लाज राखील.

मी आपणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करतो. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या पाण्याच्या स्रोताचे नाव, शेवटच्या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष एका कागदावर लिहून आणावे. ज्या गावी यंत्र आहे किंवा येऊ घातले आहे, तेथील मुख्याध्यापकांनी शाळेच्या विनामूल्य पाण्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घेऊन ग्रामपंचायतीस लेखी कळवावा. आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने एक दिवस, कोणासही न सांगता, आपल्या वर्गातील कोणती मुले सकाळपासून दुपारपर्यंत पाणी प्याली नाहीत, ह्याची मनाशी नोंद घ्यावी. ही तिसरी माहिती कोणत्याही विहित नमुन्यात भरावयाची नाही आणि ती मी मागणारही नाही. परंतु ती ज्यास कळली, त्यास पुढे काय करावयाचे हे सांगण्यास विस्तार अधिकाऱ्याची गरज उरणार नाही.